स्टोइक वाचन सुरू केलंय, एपिक्टेटसपाशी अडलेय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सध्या स्टोइक तत्त्वज्ञानानं (जे आपल्या हातात नाही त्यानं मन ढळू द्यायचं नाही, असं शिकवणारा प्राचीन ग्रीक-रोमन विचार) झपाटलंय. सुरुवात मार्कस ऑरेलियसच्या 'मेडिटेशन्स'पासून केली. रोमचा सम्राट स्वतःलाच बजावतो की आज लुडबुडी, कृतघ्न, उर्मट माणसं भेटणार, पण तीही आपलीच आहेत, त्यांच्यावर चिडायचं नाही. ऑफिसला निघण्याआधी एवढं वाचलं की बळ येतं.

मग एपिक्टेटस या प्राचीन स्टोइक शिक्षकाचं 'एन्कायरिडियन' हे छोटं पुस्तक घेतलं. आपली मतं, इच्छा, नावड आपल्या हातात. शरीर, पैसा, नावलौकिक, पद हातात नाही. इथवर पटलं. गाडी अडली तिसऱ्या परिच्छेदावर. मुलाचा पापा घेताना मनाशी म्हणायचं की हे मर्त्य माणूस आहे, म्हणजे ते गेलं तरी आपण कोलमडणार नाही! माझी मुलगी दोन वर्षांची आहे. मी पुस्तक मिटूनच ठेवलं.

यूट्यूबवर शोधलं तर संगमरवरी पुतळे आणि 'कशाचंच काही वाटून घेऊ नका' हा सूर. असलं दगडी मन मला नको. पण अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञानं विवेकनिष्ठ उपचारपद्धती उभी करताना याच एपिक्टेटसचा आधार घेतला होता, तेव्हा यात याहून जास्त काही असणारच. जाणकार हा परिच्छेद कसा वाचतात? आणि पुढे काय वाचू?

प्रतिसाद 1

ताई, एन्कायरिडियन एपिक्टेटसनं स्वतः लिहिलेलं नाही. निकोपोलिसच्या शाळेतली त्याची शिकवण एरियन या शिष्यानं उतरवून घेतली, ती 'डिस्कोर्सेस'. एन्कायरिडियन हे त्यातलं सार, त्यामुळे मागचापुढचा संदर्भ गळालाय.

डिस्कोर्सेसच्या पहिल्या भागातलं अकरावं प्रकरण काढा. एक बाप सांगतो, मुलगी आजारी पडली तेव्हा मला बघवेना, मी घराबाहेर पळालो, ती बरी झाल्याचा निरोप येईपर्यंत फिरकलो नाही. प्रत्येक बापाचं असंच होतं, म्हणतो. एपिक्टेटस विचारतो, आईचाही तिच्यावर जीव आहे ना? मग तिनंही निघून जायचं का? दाईनंही? आणि तुम्ही आजारी पडलात, तर घरच्यांनी तुम्हाला एकटं टाकून जाण्याइतकं प्रेम करावं का?

तिसरा परिच्छेद मी या बापाला समोर ठेवून वाचतो. गमावण्याच्या भीतीकडे आधीच नीट बघितलं असतं, तर तो लेकीच्या उशाशी बसू शकला असता. मार्कसनंही हे पापा घेतानाचं वाक्य आपल्या वहीत टिपलंय, आणि त्याची बरीच मुलं लहानपणीच गेली होती. तरीही पापा घेताना ते म्हणणं मला जमत नाही. सकाळी एकटा असताना म्हणतो.

पुढे सेनेका या रोमन स्टोइक लेखकानं ल्युसिलियस या मित्राला लिहिलेली पत्रं घ्या. 124 आहेत, पण आधी 63 वं. मित्र गेला तर डोळे कोरडे राहू नयेत, आणि पूरही येऊ नये, असं तो लिहितो. शेवटी सेरेनस हा आपला मित्र गेला तेव्हा आपण बेसुमार रडलो, हेही मोकळेपणानं सांगतो. दगडी मनाचा माणूस असं लिहील का?

धागाकर्ती

त्या बापाची गोष्ट आत कुठेतरी लागली. मनापासून आभार, दादा. डिस्कोर्सेसचं इंग्रजी भाषांतर कुठलं घेऊ?

प्रतिसाद 1

रॉबिन हार्डचं, ऑक्सफर्डनं काढलेलं. भाषा सोपी आहे, आणि एन्कायरिडियनही त्यातच मिळेल.