नकाशावर अहमदपूर लातुरात येतंय! क्यूजीआयएस येणाऱ्यांची मदत हवी

राम राम मंडळी.

आमच्या शेतकरी गटात लातूर जिल्ह्यातले पावसाचे आकडे रोज सकाळी साडेआठनंतर जमा होतात. आतापर्यंत नुसती यादी टाकायचो, पण यादी कोण वाचतंय? म्हणून औंदा नकाशा करायला घेतला. अक्षांश-रेखांश जुन्या रजिस्टरातून एक्सेलमध्ये उतरवले, सीएसव्ही (स्वल्पविरामानं वेगळ्या केलेल्या आकड्यांची साधी फाइल) करून क्यूजीआयएस या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली. ठिपके उमटले, मिलिमीटरचे आकडेही आले. जागा मात्र चुकल्या.

अहमदपूर थेट लातूर शहरात. लातूर औशाच्या पश्चिमेला कुठंतरी रानात. उदगीर जवळजवळ सरळ दक्षिणेला. काल एकानं विचारलं, "दादा, लातुरात एवढा पाऊस कधी पडला?" तेव्हा लक्षात आलं.

प्रोजेक्शन ईपीएसजी ४३२६ च, म्हणजे साध्या अक्षांश-रेखांशाचंच आहे. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल नाही. सगळे ठिपके एकदम सरकवून पाहिले, तर अहमदपूर बसतं न् उदगीर बिघडतं.

दुसरं, लातूरच्या वाऱ्याची दिशा २७० अंश आहे, पण मेटपायनं (हवामानाचे आकडे मांडायची पायथन लायब्ररी) काढलेली वाऱ्याची काडी ठिपक्यापासून पश्चिमेकडं जाते. उलटी आहे का?

प्रतिसाद १
सीएसव्हीतल्या चार ओळी जशाच्या तशा टाका.

धागाकर्ता
अहमदपूर १८.४२, ७६.५६
लातूर १८.२४, ७६.३४
उदगीर १८.२४, ७७.०७
निलंगा १८.०७, ७६.४५

प्रतिसाद २
सगळी यादी चाळा. दशांशानंतर ५९ च्या वरचा एक तरी आकडा आहे का? नसणारच. रजिस्टरात अंश-कला लिहिल्यात राव! एका अंशात ६० कला असतात. १८.४२ म्हणजे १८ अंश ४२ कला. ४२ ला ६० नं भागा, ०.७० येतं; अहमदपूर १८.७० वरच आहे. कला जितक्या जास्त तितका ठिपका जास्त सरकतो. उदगीरच्या रेखांशात सातच कला, म्हणून ते पश्चिमेला फारसं हललं नाही.

नवा कॉलम करा: पूर्णांक तसाच, दशांशाला १०० नं गुणून ६० नं भागायचं, मग दोन्हींची बेरीज. जुना कॉलम पुसू नका. आणि कुठं १८.३ असं दिसलं तर ३ कला की ३०, ते रजिस्टरात बघा.

वारा बरोबर आहे. २७० म्हणजे पश्चिमेकडून येणारा वारा, आणि तो जिकडून येतो तिकडं काडी असते. काडीवरच्या आडव्या रेघा वेग सांगतात: पूर्ण रेघ १० नॉट, अर्धी ५. आकडे ताशी किलोमीटरमध्ये असतील तर आधी १.८५२ नं भागा.

धागाकर्ता
सगळ्यात मोठा आकडा ५८ निघाला! अहमदपूर घरी गेलं. लई आभार. दोन गावांपुढं मात्र १८.३ च आहे, रजिस्टरातही तसंच. ज्यांनी लिहिलं त्या काकांना आता फोन लावतो.