डीप स्लीपमधून उठल्यावर ईएसपी-32चं आरएफ कॅलिब्रेशन पुन्हा कसं करून घ्यावं?

मंडळी, जरा अडलोय. बॅटरीवरचा सेन्सर आहे, बोर्ड स्वतः बनवलेला, चिप ईएसपी-32 (वायफाय असलेला मायक्रोकंट्रोलर), फर्मवेअर ईएसपी-आयडीएफमध्ये (चिपच्या कंपनीचीच प्रोग्रामिंगची चौकट). दर 15 मिनिटांनी उठतो, वायफायवर डेटा पाठवतो, परत डीप स्लीपमध्ये, म्हणजे जवळपास सगळी चिप बंद ठेवणाऱ्या झोपेत जातो. पहिलं बूट टेबलावर 25 अंशांत झालं. तेव्हा फुल आरएफ कॅलिब्रेशन (चिपच्या रेडिओची संपूर्ण जुळणी) होऊन डेटा एनव्हीएसमध्ये, म्हणजे फ्लॅशमधल्या सेटिंग्ज साठवायच्या जागेत गेला. आता उन्हातल्या डब्यात तापमान 50च्या वर गेलं की राउटरशी जोडणीच होत नाही. संध्याकाळी गाडी आपोआप रुळावर.

डीप स्लीपमधून उठताना कॅलिब्रेशन होतच नाही, जुनाच डेटा वापरला जातो, एवढं कोड वाचून कळलंय. सगळा फ्लॅश पुसून फर्मवेअर परत टाकलं तर भर दुपारीही व्यवस्थित चालतं, पण मग वायफायचा पासवर्डही जातो (डबा उघडायला शिडी लावावी लागते!). ट्रान्समिट पॉवरची सेटिंग (पाव डीबीएमच्या एककात) 80वरून 60 केली, म्हणजे 20वरून 15 डीबीएम. काही फरक नाही. सप्लाय स्कोपवर पाहिला, 3.3 व्होल्ट, डिप नाही. अँटेनाही बदलून झाला.

फक्त कॅलिब्रेशनचा डेटा पुसणारं फंक्शन आहे, ते माहीत आहे. पण फुल कॅलिब्रेशनला वेळ आणि करंट दोन्ही जास्त, त्यामुळे प्रत्येक वेळी ते परवडणार नाही.

तर तापमान 20 अंशांनी बदललं की नुसता सॉफ्टवेअर रीस्टार्ट देऊन होणारं पार्शल कॅलिब्रेशन (जुना डेटा धरून केलेली थोडक्यातली जुळणी) पुरेल, की अशा वेळी फुलच करावं लागतं? कुणी प्रत्यक्ष करून पाहिलंय का?