अनुभव धागा: भुकेचं काम, हसण्याचं काम (इंदूर)

रामबागकर (धागाकर्ता)

इंदुरात लग्नसराईचं उरलेलं अन्न उचलणारे, पोषण पुनर्वास केंद्रात कुपोषित मुलं सांभाळणारे आणि सकाळी बागेत हास्यवर्ग घेणारे असे तिन्ही प्रकारचे मराठी लोक इथे आहेत. तिघांना एका धाग्यात बोलावण्याचं कारण सरळ आहे: उपाशी माणसाचं हसू आधी जातं. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीनं, २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. वजन सुमारे चौथाईनं उतरलं. सोबत चिडचिड आली, माणसं एकेकटी बसू लागली, थट्टामस्करी आटली आणि डोक्यात अन्नाशिवाय काही उरेना. पुन्हा जेवायला मिळू लागल्यावरही काहींना ताळ्यावर यायला महिने लागले.

आपलं कौतुक नको, करण्याची रीत लिहा. किती, कधी, काय बिघडतं, का बिघडतं.

पंगतवाढपी

लग्नाचं अन्न उचलण्यात मुख्य अडचण वेळेची. कार्यालयातून फोन येतो रात्री साडेअकराला. तोवर वस्ती झोपलेली असते. त्या वेळी जागे लोक सापडतात ते रैनबसेऱ्यात (बेघरांच्या रात्रनिवाऱ्यात), सरवटे बसस्टँडच्या आसपास आणि मोठ्या सरकारी रुग्णालयांबाहेर बसलेल्या नातेवाइकांत. जागा आधी ठरलेली नसेल तर अन्न उचलूच नये. गाडीत फिरणारं पातेलं दर मिनिटाला बिघडत असतं.

काय उचलायचं: फक्त भट्टीजवळचं, झाकलेलं, वाढायला न काढलेलं. काउंटरवर ठेवलेलं नाही, ताटातलं तर नाहीच. हलवायाला पहिला प्रश्न "किती उरलंय?" असा करू नका. "उतरवलं किती वाजता?" असा करा. सुईचा थर्मामीटर जवळ ठेवा, स्पिरिटनं पुसून पातेल्याच्या मध्यभागी खुपसा. कडेचा आकडा खोटा असतो. ६० अंशांच्या वर असेल तर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरून दोन तासांच्या आत लोकांच्या पानात पडायला हवं. ५ ते ६० अंश हा जंतूंचा आवडता पट्टा. त्यात अन्न किती वेळ होतं हे कुणालाच सांगता येत नसेल, तर नाही म्हणा.

सगळ्यात फसवा पदार्थ भात. 'बॅसिलस सेरियस' नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात आणि जे विष सोडतात ते पुन्हा उकळलं तरी जात नाही. त्यामुळे "गरम करून घेऊ" हे भाताच्या बाबतीत चालत नाही. घट्ट रस्सा किंवा डाळ मोठ्या पातेल्यात तशीच ठेवली तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो; तिथे 'क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स' वाढतो. थंड करायचंच असेल तर पसरट ताटांत दोन इंचांपेक्षा जाड थर नको.

दहीवडे, रायता, कापलेली फळं, कोशिंबीर, ओल्या नारळाची चटणी, रबडी, खव्याची मिठाई यांना हात लावू नये. पुऱ्या, कोरडी भाजी, नुक्ती (गोड बुंदी), शेव चालतात. आणि लोक विसरतात ती गोष्ट: न शिजवलेलं सामान. मळण्याआधीचं पीठ, चिरण्याआधीची भाजी, न उघडलेला तेलाचा डबा. हे सकाळी उचलता येतं, दुसऱ्या दिवशी ताजं शिजवता येतं आणि कुणाचं पोट बिघडत नाही. मी तर म्हणेन, हलवायाशी आधी याचंच बोलणं करा.

प्रत्येक डब्यावर चिठ्ठी: पदार्थ, उतरवल्याची वेळ, उचलल्याची वेळ, शाकाहारी की नाही, शेंगदाणे-काजू आहेत का. प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना स्वच्छ डबीत घालून फ्रिजमध्ये ४८ तास ठेवावा. कुणाला त्रास झाला तर तपासायला काहीतरी हाती लागतं. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी एफएसएसएआयचे (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) २०१९ चे नियम आहेत, ते एकदा वाचून काढा.

नाकारलेलं अन्न ओल्या कचऱ्याच्या गाडीत जाऊ द्या. देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्लांट (ओल्या कचऱ्यापासून गाड्यांचा गॅस करणारा) २०२२ मध्ये रोज ५५० टन कचरा पचवण्याच्या क्षमतेनं सुरू झाला. माणसाच्या पोटावर प्रयोग करण्यापेक्षा ते बरं.

तूपरोटी

अंदाज घेण्यापुरतं: १ किलो कच्च्या तांदळाचा भात साधारण अडीच ते तीन किलो, म्हणजे दहा पानं. २० लिटर डाळीच्या पातेल्यातून २०० मिलीच्या वाटीनं कागदावर शंभर, प्रत्यक्षात नव्वदच धरा. तळाचं आणि सांडलेलं जातं. पुऱ्या मोजू नका, वजन करा.

रांगेत फोटो काढू नका. आणि "काय काका, आज तर पनीर आहे, मजा आहे बुवा!" असले विनोदही नकोत. रांगेतला माणूस हसतो, पण ते हसू वाढणाऱ्याला खूश ठेवण्यासाठी असतं.

आहारखातं

वरच्या दोघांचं सगळं मोठ्या माणसांसाठी ठीक आहे. तीव्र कुपोषित मुलाला मात्र यातलं काहीही भरवू नका, का ते खाली येतं.

आधी ओळख. ६ ते ५९ महिन्यांच्या मुलाच्या डाव्या दंडाचा घेर: ११.५ सेंमीच्या खाली लाल म्हणजे तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या आत पिवळा म्हणजे मध्यम. खांद्याचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्ये खूण करायची, हात सैल लोंबता ठेवायचा, पट्टी त्वचेला टेकवायची पण आवळायची नाही. कोपर दुमडलेला असताना खूण करायची असते आणि मोजताना हात सरळ. इथेच निम्म्या चुका होतात. बाहीवरून मोजणं ही दुसरी. मग दोन्ही पावलांवर अंगठ्यानं तीन सेकंद दाबा. दोन्हीकडे खड्डा राहिला तर सूज आहे, आणि सूज असलेल्या मुलाचं वजन खोटं बोलतं. दंड कितीही भरला तरी असं मूल पोषण पुनर्वास केंद्रातच न्यायचं.

तिथे पहिलं अन्न असतं एफ-७५ : १०० मिलीत ७५ कॅलरी, प्रथिनं मुद्दाम कमी. गाईच्या दुधाची कृती: दूध ३०० मिली, साखर ७० ग्रॅम, मुरमुऱ्यांची पूड ३५ ग्रॅम, तेल २० मिली, वर पाणी घालून १ लिटर, शिवाय क्षार-जीवनसत्त्वांचं मिश्रण. दर किलो वजनाला दिवसाला १३० मिली, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. सूज फार असेल तर १०० मिली. रात्रीचं पाजणं चुकलं की रक्तातली साखर उतरते आणि अंग गार पडतं. या दोन गोष्टी हातात हात घालून येतात. हे घरी करायचं अन्न नाही. कृती दिली ती प्रमाणं किती बारीक असतात हे दिसावं म्हणून.

भूक परतली, सूज उतरू लागली की एफ-१०० (१०० मिलीत १०० कॅलरी). आधी ४८ तास तेवढ्याच मापानं, नंतर दर वेळी १० मिली वाढ. इथे घाई केली तर काय होतं? उपाशी शरीरात एकदम ऊर्जा आली की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं, पाणी साचतं, अशक्त हृदयावर ताण येतो. श्वास मिनिटाला ५ नं आणि नाडी २५ नं वाढून तशीच राहिली तर डॉक्टरांना ताबडतोब बोलवायचं. म्हणून वॉर्डात केळी, बिस्किटं, जिलबी घेऊन येणाऱ्या दयाळू मंडळींना दारातच थांबवतात. लोहाचं औषधही पहिल्या आठवड्यात नाही, जुलाबाला साधा ओआरएस नाही; त्यासाठी कमी सोडियमचं वेगळं द्रावण असतं. वाढीच्या टप्प्यात रोज दर किलोला १० ग्रॅमपेक्षा जास्त वजन चढलं तर उत्तम, ५ च्या खाली असेल तर संसर्ग शोधा किंवा वाटीतलं अन्न नक्की कोण खातंय ते पाहा.

खुळखुळा

आहारखात्यानं एक पायरी सोडली, ती मी लिहितो. तीव्र कुपोषणावरच्या उपचाराच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा पायऱ्यांत नववी आहे खेळ आणि माया. मूल सावरलं की रोज १५ ते ३० मिनिटं ठरवून खेळवायचं. सूज आलेलं मूल उदास, किरकिरं असतं. ते हसलं की वॉर्डातल्या अनुभवी परिचारिका तराजूआधीच ओळखतात की गाडी वळणावर आली.

साधनं फुकटची: बाटलीत मुरमाचे खडे घालून झाकण चिकटवलेला खुळखुळा, उलटा डबा आणि लाकडी चमचा, दोरीला बांधलेली कडी, चिंध्यांची बाहुली, एकात एक बसणाऱ्या वाट्या. बाळाच्या मुठीपेक्षा लहान सुटा तुकडा नको, दोरी वीतभरच. पाजल्यावर लगेच उचलून नाचवलं तर उलटी होते. अर्धा तास जाऊ द्या. कातडी सोलवटलेल्या मुलाला गुदगुल्या नकोत, पदराआडून 'भॉक' करा. खेळवायचं आईनं, आपण बाजूला बसायचं. आणि बोली तिची: माळवी, निमाडी, भिली. आपलं 'अडगुलं मडगुलं' तिला घरी गेल्यावर उपयोगाचं नाही.

याला आधार आहे. जमैकात किंग्स्टन इथे १९८०च्या दशकात वाढ खुंटलेल्या १२९ मुलांवर दोन वर्षं काम झालं: काहींना पूरक आहार, काहींना आठवड्यातून एक तास घरी येऊन खेळ, काहींना दोन्ही. विकासात दोन्ही मिळालेली मुलं सगळ्यांत पुढे गेली. वीस वर्षांनी पाहिलं तर खेळ मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती. नुसत्या आहाराचा कमाईवर असा ठसा दिसला नाही.

आकडेमोड

जगाचं चित्र थोडक्यात. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये ६७.३ कोटी लोक उपाशी, लोकसंख्येच्या ८.२ टक्के. २०२२ मध्ये वाया गेलेलं अन्न १०५ कोटी टन, त्यातलं ६० टक्के घरांतून. भारतात घरटी नव्हे, माणशी वर्षाला ५५ किलो. तेव्हा लग्नाच्या पातेल्याकडे बोट दाखवताना आपल्या फ्रिजचं दारही उघडा. 'दुष्काळ' जाहीर व्हायला कसोटी कडक आहे: पाचातल्या एका घरात अन्नाची पराकोटीची टंचाई, ३० टक्के मुलं तीव्र कुपोषित, दहा हजारांमागे रोज दोन मृत्यू. २०२४ मध्ये सुदानच्या झमझम छावणीत आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये गाझात ती पार झाली. दोन्हीकडे कारण युद्ध, पाऊस नव्हे.

कंट्रोलवाला

इंदुरात बांधकामावर आलेल्या झाबुआ-अलिराजपूरच्या कुटुंबाला डब्यापेक्षा रेशन मिळवून द्या. प्राधान्य गटात माणशी महिना ५ किलो, अंत्योदयला घरटी ३५ किलो, जानेवारी २०२३ पासून फुकट. 'एक देश एक रेशनकार्ड'मुळे इथल्या दुकानातून उचलता येतं. थोडं इथे, उरलेलं गावी राहिलेल्यांनी, असंही. अडतं ते अंगठ्यावर: सिमेंटमध्ये काम करणाऱ्यांचे ठसे झिजतात. दुसरं बोट लावून पाहा, हात धुऊन पुसून लावा, घरातल्या दुसऱ्या सदस्याला पाठवा. ई-केवायसी (आधारशी ओळखीची पडताळणी) राहिली असेल तर नाव अडकतं, ते 'मेरा राशन' अ‍ॅपवर आधी तपासा.

हाहाकार

हास्यवर्ग कसा घ्यायचा ते. ही पद्धत डॉ. मदन कटारियांनी मुंबईत १३ मार्च १९९५ ला पाच जणांना घेऊन सुरू केली. विनोद सांगावे लागत नाहीत, ते तसेही आठवडाभरात संपतात आणि मग घाण होऊ लागतात.

एकूण २० ते २५ मिनिटं. जेवणानंतर दोन तास नको. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र अगदी रिकाम्या पोटी येऊ नये आणि खिशात साखर ठेवावी. गोलात उभं राहायचं, टाळीवर "हो हो, हा हा हा". मग एक प्रकार ३०-४० सेकंद, लगेच दोन दीर्घ श्वास, पुढचा प्रकार. नमस्ते हास्य, लस्सी हास्य, भांडण हास्य, सिंह हास्य, शेवटी मौन हास्य. दहा-बारा प्रकार पुरतात. एकमेकांच्या डोळ्यांत पाहिल्याशिवाय खोटं हसू खरं होत नाही, त्यामुळे ओळी करू नका.

काय बिघडतं: चक्कर येते, कारण सलग हसताना श्वास जास्त बाहेर जाऊन रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. थांबा, बसा, हळू श्वास. घसा बसतो, कारण हसू गळ्यातून काढलं; हात पोटावर ठेवून पोट आत जातंय का पाहा. बायकांना लघवी सुटण्याची भीती असते आणि त्या कारण न सांगताच वर्गाला येणं बंद करतात. पहिल्याच दिवशी मोकळेपणानं सांगा की मूत्राशय रिकामं करून या, बसून हसलं तरी चालतं.

श्वासमापक

यांना नाही म्हणा: हर्निया, नुकतीच पोटाची किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया, काबूत नसलेला रक्तदाब, काचबिंदू, मूळव्याधीचा रक्तस्राव, गरोदरपणाचे शेवटचे महिने. ज्यांचा खोकला दोन आठवड्यांच्या वर गेलाय त्यांना आधी टीबीची तपासणी. गोलात उभं राहून खोकल्याचे शिंतोडे वाटायचे नाहीत.

फायद्याबद्दल हाहाकार यांनी हात आखडता घेतला, बरं केलं, कारण बागेत "हसा, शुगर उतरवा" असे फलक दिसतात. पक्कं एवढंच: २०१२ च्या रॉबिन डनबर यांच्या अभ्यासात सोबतीनं हसल्यावर वेदना सहन करण्याची ताकद वाढली. २००५ मध्ये मेरीलँड विद्यापीठात २० जणांच्या प्रयोगात विनोदी दृश्यं पाहून दंडातल्या धमनीतला प्रवाह २२ टक्के वाढला, ताण देणारी दृश्यं पाहून ३५ टक्के घटला. पण वीस जणच ते. वजनाचं म्हणाल तर दिवसाला १०-१५ मिनिटं हसून १० ते ४० कॅलरी, म्हणजे फार तर एक चमचा तेल. सराफ्यातल्या (इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातल्या) एका गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या, प्लेटची फेड होत नाही. २०१३ च्या बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाच्या नाताळ अंकात हसण्याच्या फायद्यातोट्यांचा आढावा आला होता. त्यात दमा उफाळण्यापासून शुद्ध हरपण्यापर्यंत तोट्यांची यादीही आहे. माणूस एकट्यापेक्षा चारचौघांत तीसपट हसतो, हे रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी मोजलंय. वर्गाचा खरा गुण मला तिथे दिसतो. निवृत्त माणसाला रोज सकाळी चार माणसं भेटतात.

रामबागकर

वस्तीतल्या शाळेत हास्यवर्ग घ्यावा का, असं दोघांनी निरोपातून विचारलंय.

खुळखुळा

प्रार्थनेनंतर लगेच नको. बरीच मुलं न खाता आलेली असतात, त्यांना टाळ्या वाजवून नाचवलं की घेरी येते. माध्यान्ह भोजन प्राथमिकला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनांचं असतं: धान्य १०० ग्रॅम, डाळ २०, भाजी ५०, तेल ५. ते झाल्यावर दोन तासांनी, बसून, दहा मिनिटं. आधी महिनाभर त्या डाळीचं माप बघा, पातळ असेल तर पालक शिक्षक बैठकीत तेच बोला. हास्यवर्ग पुढच्या सत्रात.

तूपरोटी

पंगतवाढपी, बाफल्यांचं (डाळीसोबत खायच्या कणकेच्या गोळ्यांचं) राहिलं. आपल्याकडे प्रत्येक लग्नात तेच उरतात.

पंगतवाढपी

तुपात न बुडवलेले मागून घ्या. उकडून भाजलेले असल्यानं आत ओल राहते, वरून कोरडे दिसले तरी. डब्यात रचून झाकलेत तर वाफेनं चिकट होतात. जाळीवर पसरून गार करा, त्याच रात्री वाटा. सकाळपर्यंत ठेवायचेच तर फ्रिजमध्ये, आणि वाटण्याआधी फोडून मधोमध ७५ अंशांपर्यंत गरम करा. तूप वेगळ्या डब्यात, डाळ त्याच रात्री संपवायची.