एका दशकाचा सर्वांत ताकदीचा नट: माझं मत संजीवकुमार (1970 ते 1979)

तिसरी_रांग

सर्वोत्तम नट कोण, या वादात कोणी चाळीस वर्षांची कारकीर्द मोजतो, तर कोणी एकच भूमिका धरून बसतो. म्हणून प्रश्न लहान करू. सलग दहा वर्षं घ्या. त्या दहा वर्षांत कोणाचं काम सर्वांत भक्कम होतं?

माझं उत्तर संजीवकुमार, 1970 ते 1979. सुरुवातीलाच 'खिलौना' आणि 'दस्तक', दोन्ही 1970 चे. 'दस्तक'साठी राष्ट्रीय पुरस्कार. मग 1971 ला 'अनुभव', 1972 ला 'परिचय', 'कोशिश' आणि 'सीता और गीता'. 'कोशिश'साठी पुन्हा राष्ट्रीय पुरस्कार. 1974 ला 'नया दिन नई रात'मध्ये नऊ भूमिका. 1975 या एका वर्षात 'आंधी', 'मौसम' आणि 'शोले'. 1977 ला सत्यजित राय यांचा 'शतरंज के खिलाड़ी', 1978 ला 'त्रिशूल' आणि 'पति पत्नी और वो', 1979 ला 'गृहप्रवेश'.

जया भादुरीसमोर हा माणूस 'परिचय'मध्ये बाप आहे, 'कोशिश'मध्ये नवरा, 'अनामिका'त प्रियकर आणि 'शोले'त सासरा. 1972 ते 1975 एवढ्याच काळात. चारही वेळा आपण निमूट विश्वास ठेवतो. हिंदीत दुसऱ्या कोणाला हे साधलं असतं असं मला वाटत नाही.

आणि 'कोशिश'मध्ये तोंडी एक वाक्य नाही! मूकबधिर बापाचा मुलगा मूकबधिर मुलीशी लग्न करायला नकार देतो, तेव्हा त्या बापाचा संताप बघा. हात, मान, श्वास, एवढंच हाताशी आहे. शब्दांची उणीव एकदाही भासत नाही.

पटत नसेल त्यांनी दशक आणि चित्रपट सांगून बोलावं.

मिनर्व्हा_पंच्याहत्तर

पटत नाही. 1973 ते 1982, अमिताभ बच्चन. 'जंजीर', 'अभिमान', 'नमक हराम', 'दीवार', 'चुपके चुपके', 'मिली', 'शोले', 'अमर अकबर अँथनी', 'डॉन', 'त्रिशूल', 'मुकद्दर का सिकंदर', 'काला पत्थर', 'नमक हलाल', 'शक्ति'. यातले किती चित्रपट आज कोणाला आठवून द्यावे लागतात? एकही नाही. तुमच्या यादीतले 'गृहप्रवेश' आणि 'अनुभव' मात्र शोधून बघावे लागतात.

'शोले' मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरला पाच वर्षं चालला. त्याच 1975 मध्ये जानेवारीत 'दीवार' आला होता. देवळात देवाशी भांडणारा विजय आणि 'चुपके चुपके'त वनस्पतिशास्त्र शिकवताना घामाघूम होणारा प्राध्यापक, हे दोघे एकाच वर्षातले आहेत. अष्टपैलूपणा म्हणजे दाढी-मिशा बदलून नऊ भूमिका करणं नव्हे.

तिसरी_रांग

मिनर्व्हा, यादीबद्दल वाद नाही. पण त्यातून सलीम-जावेद यांची पटकथा असलेले चित्रपट बाजूला काढा. 'जंजीर', 'दीवार', 'शोले', 'त्रिशूल', 'डॉन', 'काला पत्थर', 'शक्ति' एका झटक्यात गेले. त्या दशकाचा कणाच दोन लेखकांचा आहे. संजीवकुमारला असा एक लेखक नव्हता. राजिंदरसिंग बेदी, बासू भट्टाचार्य, गुलजार, रमेश सिप्पी, सत्यजित राय, प्रत्येकाची चित्रपटाची रीत वेगळी आणि हा प्रत्येकाकडे त्याच्या पद्धतीने उभा राहिला.

1975 च्या चित्रपटांसाठीचा फिल्मफेअर पुरस्कारही 'आंधी'तल्या संजीवकुमारला मिळाला, 'दीवार' शर्यतीत असताना.

मिनर्व्हा_पंच्याहत्तर

लेखक काढायचे तर तुमच्याकडून गुलजार काढा. 'कोशिश', 'परिचय', 'आंधी', 'मौसम' गेले. उरलं काय?

'जंजीर' करायला बड्या नटांनी नकार दिला होता हे सर्वांना माहीत आहे. संहिता तीच होती. ती पेटली कोणामुळे? सलीम-जावेद यांनी नंतर इतरांसाठीही लिहिलं, त्यातून 'जंजीर', 'दीवार'मधल्या विजयसारखा दुसरा नायक उभा राहिला नाही. आणि 'अभिमान', 'मिली', 'अमर अकबर अँथनी', 'मुकद्दर का सिकंदर' यांत सलीम-जावेद कुठे आहेत?

ठाकरवाडी

बराच वेळ वाचते आहे. दोन्ही बाजूंनी एवढी नावं आली, त्यात बाई फक्त कोणाची तरी मुलगी, बायको किंवा सून म्हणून आली. मला स्मिता पाटीलचं नाव मांडायचं आहे, आणि सौजन्य म्हणून नाही. तुमच्याच कसोटीवर.

'निशांत' 1975 चा. 13 डिसेंबर 1986 ला ती गेली तेव्हा 31 वर्षांची होती. म्हणजे तिच्याकडे दशक निवडायची मुभाच नव्हती, जेमतेम तेवढंच आयुष्य मिळालं. त्यात 'मंथन', 'भूमिका', 'जैत रे जैत', 'आक्रोश', 'चक्र', 'सद्गती', 'उंबरठा', 'बाजार', 'अर्थ', 'अर्धसत्य', 'मंडी', आणि मृत्यूनंतर प्रदर्शित झालेला 'मिर्च मसाला'. 'भूमिका' आणि 'चक्र'साठी राष्ट्रीय पुरस्कार. म्हणजे संजीवकुमारइतकेच, दोन. अमिताभला त्या दहा वर्षांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा एकही नाही.

शिवाय भाषा मोजा. मराठी आणि हिंदी आहेतच. केतन मेहतांचा 'भवनी भवाई' गुजराती, मृणाल सेन यांचा 'अकालेर संधाने' बंगाली, अरविंदन यांचा 'चिदंबरम' मल्याळम. श्याम बेनेगलांकडे तेलुगूही केला. तुमच्या दोघांपैकी कोणाचा नट इतक्या भाषांत, इतक्या वेगळ्या दिग्दर्शकांकडे मुख्य भूमिकेत गेला?

'भूमिका' हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर बेतलेला. कोवळ्या मुलीपासून थकलेल्या, कोणावरच विसंबायचं नाही असं ठरवलेल्या बाईपर्यंतचा प्रवास तिने बाविशीच्या आतबाहेर केला. त्याच वर्षी 'जैत रे जैत'मधली चिंधी. ठाकर आदिवासी बाईचं ते चालणं, बसणं, डोंगराकडे बघणं पाहून कोणी म्हणेल का की ही मुलगी मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचत होती?

मिनर्व्हा_पंच्याहत्तर

स्मिताबद्दल आदर आहे. पण हे चित्रपट किती लोकांनी थिएटरात पाहिले? दशक गाजवणं म्हणजे गावोगावच्या टुरिंग टॉकीजपर्यंत पोचणं. अमिताभचा आवाज रिक्षावाल्यापासून कलेक्टरपर्यंत सगळे काढायचे.

ठाकरवाडी

'मंथन'ला गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते. तो चित्रपट त्यांचा होता, त्यांच्या पैशांचा. हा लोकाश्रय नाही तर काय? 2024 मध्ये कान महोत्सवात त्याची दुरुस्त केलेली प्रत दाखवली गेली.

आणि 1982 बघा. 'नमक हलाल' आणि 'शक्ति'मध्ये ती तुमच्या अमिताभसोबतच आहे. त्याच वर्षी 'उंबरठा', 'बाजार' आणि 'अर्थ'. टुरिंग टॉकीजही आली आणि 'उंबरठा'तली सुलभा महाजनही आली. सुधारगृहाची अधीक्षक होऊन घर सोडणारी सुलभा परत येते, घरात आपली जागा उरलेली नाही हे बघते आणि पुन्हा निघते. त्या चित्रपटावर तेव्हा घराघरांत भांडणं झाली, माझ्या आईच्या मैत्रिणींतही झाली. 'त्रिशूल' बघून कोणाच्या घरात भांडण झालं होतं?

कोहिनूरची_गल्ली

सगळे हिंदीतच का अडकलात? या चर्चेत स्मिताताईंच्या दोन मराठी चित्रपटांची नावं आली तेवढीच. दादा कोंडके, 1971 पासून मोजा. 'सोंगाड्या', 'एकटा जीव सदाशिव', 'आंधळा मारतो डोळा', 'पांडू हवालदार', 'तुमचं आमचं जमलं', 'राम राम गंगाराम'. ओळीने रौप्यमहोत्सव. निर्माता स्वतः, नायक स्वतः, आणि समोर हिंदीचा अख्खा बाजार. 'सोंगाड्या'साठी कोहिनूर थिएटर मिळावं म्हणून शिवसेनेला रस्त्यावर यावं लागलं, इतकी मराठी चित्रपटाला जागा नव्हती. अशा काळात दहा वर्षं मराठी माणसाला तिकीट काढायला लावणं हे अमिताभच्या यशापेक्षा अवघड होतं. अमिताभच्या मागे वितरक रांगेत होते.

तिसरी_रांग

दादांचं धाडस मान्य. पण दहा वर्षांत त्यांचा माणूस तोच राहिला, तीच अर्धी चड्डी, तोच भाबडेपणा. मी भूमिकांबद्दल बोलतोय, गल्ल्याबद्दल नाही.

कोहिनूरची_गल्ली

चॅप्लिनही तोच राहिला. एकच माणूस दहा वर्षं लोकांना कंटाळा न आणता दाखवणं हे कमी दर्जाचं काम कधीपासून झालं?

बेळगाव_कॅम्प

आमच्याकडे हा वाद कानडी मित्रांबरोबर होतो आणि ते डॉ. राजकुमार म्हणून मोकळे होतात. 1971 ला 'कस्तूरी निवास', 1972 ला 'बंगारद मनुष्य', 1973 ला 'गंधद गुडी', 1975 ला 'मयूर'. उद्योजक, शेतकरी, वनाधिकारी, राजा. शिवाय 1974 नंतर स्वतःची गाणीही स्वतःच गायली. मराठी वाचकांनी निदान 'बंगारद मनुष्य' बघावा, मग मत द्यावं.

ठाकरवाडी

तिसरी_रांग, एक राहिलं. तुमच्या यादीतला 'आंधी' सुचित्रा सेनच्या खांद्यावर आहे. 'मौसम'साठी राष्ट्रीय पुरस्कार शर्मिला टागोरला मिळाला. म्हणजे संजीवकुमारच्या सर्वोत्तम दशकाची दोन शिखरं बायकांची आहेत.

तिसरी_रांग

हे मी त्याच्या बाजूने मोजतो. त्या काळातला कोणता नायक समोरच्या बाईला चित्रपट देऊन टाकायला तयार होता? 'आंधी'त तो हॉटेलचा व्यवस्थापक आहे, बायको देशभर गाजणारी पुढारी. तिच्या सभा, तिचा राग, तिची घुसमट, हा बाजूला उभा. पण दोघं रात्री अवशेषांमधून चालतात तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा थकवा आपल्याला कळतो, कारण तो त्याच्या डोळ्यांत आधी दिसतो. 'त्रिशूल'मध्ये तो अमिताभचा बाप होता. प्रत्यक्षात वयात फरक चार वर्षांचा. नायकाच्या वयाच्या माणसाने बाप व्हायला होकार देणं आणि तरी नजर त्याच्यावरच खिळवून ठेवणं, हीच मला ताकद वाटते. मिनर्व्हा, त्या दोघांचे समोरासमोरचे प्रसंग पुन्हा बघा आणि कोण कमी बोलून जास्त मिळवतो ते सांगा.

मिनर्व्हा_पंच्याहत्तर

पाहिलेत, अनेकदा. बाप बोलतो तेव्हा मी मुलाकडे बघतो. माझं मत तेच.

नवा_वाचक

मी संजीवकुमारला फक्त 'शोले'तला ठाकूर म्हणून ओळखतो आणि स्मिता पाटीलचा एकही चित्रपट पाहिलेला नाही. सुरुवात कुठून करू?

तिसरी_रांग

'कोशिश', लगेच 'पति पत्नी और वो', मग 'शतरंज के खिलाड़ी'. याच क्रमाने. दशकाबाहेर जायची तयारी असेल तर 'अंगूर' (1982) पण.

ठाकरवाडी

'जैत रे जैत' आधी, 'भूमिका' नंतर. आणि 'उंबरठा' मराठीतलाच बघा. हिंदीत तो 'सुबह' नावाने आहे, पण सुलभाच्या सासरचं बोलणं मराठीतच टोचतं.