जिन्याखालचा टीव्ही नक्की कोणाचा?

सेक्रेटरी (बी-२०१): नमस्कार मंडळी. बी विंगच्या जिन्याखाली एक जुना डबा टीव्ही चार महिने पडून आहे. ज्यांचा असेल त्यांनी रविवारपर्यंत हलवावा. फोटो टाकलाय.

मानसी (ए-१०३): आमचा नाही.

शेख वहिनी (बी-५०४): आमचाही नाही.

रोहन (बी-३०२): एवढा जड टीव्ही तिथे स्वतःहून चालत आला वाटतं.

सेक्रेटरी (बी-२०१): भंगारवाल्याशी बोललोय. तो म्हणतो, अख्खा नको. इथेच फोडून तांबं नि प्लास्टिक नेतो, काच तुमची तुम्ही टाका. मी हो म्हणणार होतो.

देशपांडे काका (ए-००२): थांबा. फोडू देऊ नका. लिहितोय.

रोहन (बी-३०२): काका गेली बारा मिनिटं टायपिंग...

देशपांडे काका (ए-००२): ३१ वर्षं टीव्ही दुरुस्त केलेत, म्हणून सांगतो. भंगारवाल्याचा जीव असतो योकमध्ये. योक म्हणजे पिक्चर ट्यूबच्या मानेवर बसवलेलं तांब्याच्या तारेचं वेटोळं. ते चटकन निघावं म्हणून ट्यूबची मान हातोडीने उडवतात. मग बोर्ड काढतात. उरते ती काच, आणि ती कोणालाच नको असते. पूर्वी जुन्या काचेपासून नव्या ट्यूब बनायच्या. आता ट्यूब बनवणंच जवळपास बंद झालंय, मग त्या काचेला गिऱ्हाईक कुठून येणार? ती जाते नाल्याकाठी.

आणि ही काही खिडकीची काच नाही. रंगीत ट्यूबला २५ हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो. इलेक्ट्रॉन पडद्यावर आपटले की थोडे क्ष-किरण निघतात, ते अडवायला काचेत शिसं घालायचे. समोरच्या काचेत बहुतेक बेरियम नि स्ट्रॉन्शियम असतं, पण मागच्या नरसाळ्यात वजनाने २० टक्क्यांच्या आसपास लेड ऑक्साइड. शिवाय पडद्याच्या आतल्या बाजूला फॉस्फरची, म्हणजे इलेक्ट्रॉन आपटले की चमकणारी पावडर, तीही नाकातोंडात जायला नको.

मानसी (ए-१०३): बाप रे. म्हणजे आपण सगळे लहानपणी शिशासमोर बसून कार्टून बघत होतो?

देशपांडे काका (ए-००२): बसलो की. पण काचेत घट्ट अडकलेलं शिसं वेगळं आणि पावसात भिजत पडलेला चुरा वेगळा. टीव्ही अख्खा आहे तोवर घाबरायचं कारण नाही.

रोहन (बी-३०२): काका, मी नुसतं मागचं कव्हर उघडून बघू का? आतून कधी पाहिलाच नाही.

देशपांडे काका (ए-००२): अजिबात नाही. प्लग काढला तरी ट्यूब चार्ज धरून बसते. ट्यूबच्या अंगावर एक जाड वायर जाते, तिच्या टोकाला रबरी टोपी असते, उलट्या पेल्यासारखी. शिकाऊ होतो तेव्हा त्या टोपीखाली माझं बोट गेलं होतं. बोटाला काही झालं नाही. पण हात असा झटकला गेला की शेजारच्या सेटच्या पत्र्यावर कोपर फाटलं. व्रण आहे, खाली भेटलास की दाखवतो. चार महिन्यांत चार्ज उतरलाही असेल, पण ते तू तपासायचं नाहीस. दुसरं म्हणजे ट्यूब आतून निर्वात असते. पडली, आपटली तर आतल्या आत फुटते नि मग काचा बाहेर उडतात.

जोशी (बी-१०१): फॉरवर्डेड: जुन्या टीव्हीत लाल पारा असतो, सोन्याहून महाग. फेकण्याआधी तपासा!

देशपांडे काका (ए-००२): जोशीबुवा, लाल पारा नावाची वस्तूच अस्तित्वात नाही. ही अफवा वाचून लोक घरी ट्यूब फोडतात. कृपया डिलीट करा.

जोशी (बी-१०१): केला. भाच्याने पाठवला होता.

शेख वहिनी (बी-५०४): आमच्याकडे पडद्याला तडा गेलेला जुना चपटा एलसीडी पडलाय. त्यात तर ट्यूब नाही, तो साध्या कचऱ्यात चालेल ना?

देशपांडे काका (ए-००२): नाही वहिनी, त्यातही ट्यूब असतात, पेन्सिलीपेक्षा बारीक. २०१० च्या आधीचे बहुतेक एलसीडी मागून अशा नळ्यांनी उजळायचे, नि प्रत्येक नळीत थोडा पारा असतो. नंतरचे एलईडीवाले, त्यांच्यात तो नसतो. तुमचा कुठला ते कळेपर्यंत उघडू नका, वाकवू नका. चादरीत गुंडाळून उभा ठेवा.

मानसी (ए-१०३): ऑफिसात ई-कचऱ्याचं काम माझ्याकडेच असतं, म्हणून थोडी भर घालते. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला. त्यातला रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची. बाकीच्यातला बराच असाच कुठेतरी फुटतो. पीव्हीसीच्या वायरी जाळून तांबं काढतात, त्यातून डायॉक्सिन नावाचं विषारी रसायन निघतं. सोन्यासाठी बोर्ड आम्लात बुडवतात, नि उरलेलं आम्ल ओततात जमिनीवर.

त्यामुळे "घेऊन जातो" एवढं ऐकून सोडू नका. परवाना आहे का आणि वजनासकट पावती देणार का हे विचाराच, पण माझा ठरलेला प्रश्न वेगळा आहे: "काच कुठे जाते?" जो नीट काम करतो तो लगेच सांगतो. तापलेल्या तारेने पुढची नि मागची काच वेगळी करतो, पावडर ओढून घेतो, शिशाची काच अमुक भट्टीला देतो, वगैरे. बाकीचे "तुम्ही काळजी करू नका मॅडम" म्हणतात. मग मी फारच काळजी करते.

टीव्ही बनवणाऱ्या कंपनीलाही विचारा. बऱ्याच देशांत जुना माल परत घ्यायची जबाबदारी कायद्याने उत्पादकावर टाकलेली आहे.

सेक्रेटरी (बी-२०१): टीव्ही चालू असेल तर कोणाला देऊन टाकू या का? सेट टॉप बॉक्स जोडला की चालतो.

देशपांडे काका (ए-००२): ज्याला खरंच हवाय त्याला जरूर द्या. पण आपली अडचण दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवायची नि वर पुण्य घ्यायचं, असं नको. दोन वर्षांनी तो बंद पडला की ते हातोडीवाल्यालाच बोलावतील.

बरं, फोटो मोठा करून बघितला. डाव्या कोपऱ्यावर निळ्या रंगाचे शिंतोडे आहेत. हा तर आपल्या क्लब हाउसमधला सेट! भिंती रंगवल्या तेव्हा बाहेर काढला होता. फ्लायबॅक, म्हणजे ट्यूबला तो हजारो व्होल्टचा दाब देणारा ट्रान्सफॉर्मर, मीच बदलला होता त्याचा.

सेक्रेटरी (बी-२०१): एक मिनिट. रजिस्टर बघतो.

सेक्रेटरी (बी-२०१): आहे. २००३ ची खरेदी. गेल्या वर्षीच्या यादीतसुद्धा "सुस्थितीत" असं लिहिलंय.

रोहन (बी-३०२): खाली सही कोणाची आहे, सेक्रेटरी साहेब?

सेक्रेटरी (बी-२०१): रविवारी मी हलवतोय. मानसी, तुमच्या ऑफिसच्या रिसायकलरची गाडी इथे येईल का?

मानसी (ए-१०३): विचारलं. शनिवारी सकाळी येतील, पण थोडा माल जमला तरच. चार्जर, वायरी, माउस, राउटर, जे असेल ते आणा. मोबाइल-लॅपटॉप देण्याआधी आपला डेटा काढून फॅक्टरी रीसेट करा. स्मार्ट टीव्हीसुद्धा, त्यात तुमची अकाउंट्स लॉगिन असतात. फुगलेली बॅटरी कोणाकडे असेल तर इतर मालात टाकू नका, चार्ज करू नका, टोचू नका. जळणार नाही अशा डब्यात वाळूत ठेवा नि मला सांगा. कचऱ्याच्या गाडीत अशा बॅटऱ्या दाबल्या गेल्या की पेट घेतात.

रोहन (बी-३०२): माझ्याकडे एक आहे. फोनची पाठ उघडली तिने. उशाजवळच्या ड्रॉवरमध्ये ठेवलीय.

मानसी (ए-१०३): रोहन, आत्ता उठ.

रोहन (बी-३०२): उठलो. वाळू कुठे मिळेल?

सेक्रेटरी (बी-२०१): मीटर रूमबाहेर आगीच्या लाल बादल्या आहेत, त्यातली एक अख्खी ने. मी खाली येतोय. टीव्हीवर "फोडू नये" अशी चिठ्ठीही लावतो.

शेख वहिनी (बी-५०४): क्लब हाउसच्या त्या टीव्हीचा रिमोट आमच्याकडे आहे. मुलांनी कधी आणला देव जाणे. तोही देऊ ना?

मानसी (ए-१०३): हो वहिनी. सेल काढून वेगळ्या पिशवीत.

शेख वहिनी (बी-५०४): सेल आधीच काढलेत. भिंतीवरच्या घड्याळात आहेत.