बेनेट कॉलेजचा वारसा कोणाचा: चर्चचा की मुलींचा?

गोदाकाठ:
ग्रीन्सबरो म्हटलं की लोकांना 1 फेब्रुवारी 1960 आठवतो. नॉर्थ कॅरोलायनातल्या त्या गावात चार काळे विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानातल्या गोऱ्यांसाठी राखलेल्या खाण्याच्या काउंटरवर बसले आणि उठलेच नाहीत. ती मुलं सरकारी ए अँड टी कॉलेजची. पण त्याच गावात बेनेट नावाचं काळ्या मुलींचं कॉलेज आहे आणि त्याच्याबद्दल आपल्याकडे कुणी अवाक्षर काढत नाही. 1873 मध्ये एका मेथडिस्ट चर्चच्या तळघरात, गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या लोकांसाठी ते सुरू झालं. (त्याच वर्षी जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केलं.) 1926 पासून ते फक्त मुलींचं झालं.

माझं मत स्पष्ट आहे. या मुलींनी पुढे जे केलं त्याचं मूळ चर्चच्या शिस्तीत आहे. चॅपलची, म्हणजे कॉलेजच्या प्रार्थनागृहाची हजेरी, गावात जाताना हॅट आणि हातमोजे, उठण्याबसण्याची, बोलण्याची रीत, हे सगळं आज जाचक वाटेल. पण बाहेर पाऊल टाकलं की पाणी प्यायला वेगळा नळ, सिनेमाला वेगळा जिना. अशा गावात अठरा वर्षांच्या मुलीला आपली किंमत ठाऊक असावी, यासाठी कुणीतरी रोज खपत होतं. 1958 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग ग्रीन्सबरोला येणार होते तेव्हा त्यांच्या भाषणाला जागा द्यायला कुणी धजेना. बेनेटच्या अध्यक्षा विला प्लेअर यांनी 11 फेब्रुवारीला कॉलेजचं फायफर चॅपल त्यांना खुलं केलं. ते दार चर्चच्या कॉलेजचं होतं, हे विसरू नका.

उलटतपासणी:
विला प्लेअर यांच्याबद्दल आदर आहेच, पण शिस्तीचं श्रेय मला मान्य नाही. टेनेसीतल्या नॅशविलचं फिस्क विद्यापीठ बघा. 1866 चं, तेही मिशनऱ्यांनीच उभारलेलं. तिथे 1920 च्या सुमारास अध्यक्ष होते फायेट मॅकेन्झी. मुलामुलींनी एकत्र फिरायचं नाही, कपडे कसे घालायचे ते ठरलेलं, विद्यार्थ्यांचं मंडळ बंद, त्यांचं नियतकालिक बंद. 1924 मध्ये माजी विद्यार्थी, काळे विचारवंत ड्युबॉइस यांनी तिथेच येऊन, अध्यक्षांच्या देखत या कारभारावर कोरडे ओढले. (हे तेच ड्युबॉइस, ज्यांना बाबासाहेबांनी 1946 मध्ये पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्यांच्या वतीनं संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती.) फेब्रुवारी 1925 मध्ये विद्यार्थ्यांनी बंड केलं, तेव्हा अध्यक्षांनी वसतिगृहात गोरे पोलीस घातले. काळ्या मुलांच्या खोल्यांत, त्या काळात, गोरे पोलीस! विद्यार्थी संपावर गेले आणि एप्रिलमध्ये मॅकेन्झींना जावं लागलं.

म्हणजे फिस्कचा ताठ कणा शिस्तीनं घडवलेला नाही, शिस्तीशी भांडून घडलेला आहे. बेनेटच्या मुलीही शूर निघाल्या त्या हातमोज्यांमुळे नव्हे.

गोदाकाठ:
फिस्कचं उदाहरण मॅकेन्झींबद्दल सांगतं, चर्चबद्दल नाही. उत्तरेकडच्या धनिक संस्थांकडून दहा लाख डॉलरचा निधी उभा करायचा होता, म्हणून त्यांना काळी मुलं गप्प आणि आज्ञाधारक दाखवायची होती. त्याच्या उलट बेनेटचं 1937 बघा. ग्रीन्सबरोच्या सिनेमागृहांनी काळी आणि गोरी माणसं बरोबरीनं वागताना दाखवणारी दृश्यं कापायचं ठरवलं. बेनेटच्या मुलींनी बहिष्कार पुकारला आणि पुढारी होती अध्यक्ष डेव्हिड जोन्स यांचीच मुलगी फ्रान्सिस, नुकतीच कॉलेजात आलेली. वडिलांवर दबाव आला. त्यांनी मुलीला थांबवलं नाही.

नगरची_लेक:
माझी आजी नगर जिल्ह्यातल्या एका मिशनच्या वसतिगृहात वाढली, म्हणून या विषयावर गप्प बसवत नाही. घंटा, प्रार्थना, पांढरी साडी, पत्रं उघडून वाचणं. तिथेच ती चारचौघांत उभं राहून बोलायला शिकली आणि तिथेच तिनं कित्येक वर्षं मनातलं कुणाला सांगितलं नाही. दोन्ही खरं आहे. सावित्रीबाईंना अध्यापनाचे धडे नगरच्या फॅरारबाईंकडे मिळाले, हेही मला अभिमानानं सांगावंसं वाटतं.

पण गोदाकाठ, हातमोज्यांबद्दल तुम्ही इतक्या सहज लिहिलंत ते टोचलं. समाजाची सगळी इभ्रत मुलीच्या कपड्यांवर का तोलायची? गोऱ्यांनी माणूस मानावं म्हणून आधी नीटनेटकं दिसावं लागतं, हीच तर अपमानाची पहिली पायरी. आणि इतकं करूनही नाव कुणाचं राहिलं? चार मुलांचं. वूलवर्थमध्ये बसण्याचा विचार 1959 च्या अखेरीसच आमच्यात चालला होता, असं बेनेटच्या त्या काळच्या विद्यार्थिनी सांगत आल्या आहेत. पुतळा मात्र ए अँड टीच्या आवारात चौघांचाच आहे.

शार्लटकर:
मी इथेच, नॉर्थ कॅरोलायनात राहतो. वूलवर्थच्या त्या इमारतीत आता संग्रहालय आहे आणि तो काउंटर जागेवर ठेवला आहे. तुम्ही सगळे शिस्तीवर भांडताय, पण मला मुद्दा मालकीचा वाटतो. कॉलेजची जमीन कुणाची, पगार कोण देतं?

1960 मध्ये मंटगमरीत अलाबामा स्टेटच्या विद्यार्थ्यांनी असंच आंदोलन केलं, तेव्हा गव्हर्नरच्या दबावाखाली नऊ जणांना काढून टाकलं गेलं. कॉलेज सरकारी, करणार काय? मिसिसिपीत 1961 मध्ये टूगलू कॉलेजचे नऊ विद्यार्थी जॅक्सनच्या गोऱ्यांसाठी राखलेल्या ग्रंथालयात जाऊन वाचत बसले. त्यांना अटक झाली, पण कॉलेजनं काढलं नाही. टूगलू मिशनचं. पुढे चिडलेल्या आमदारांनी कॉलेजची सनदच रद्द करायचा घाट घातला, तोही तडीस गेला नाही. चर्चनं मुलांना काय शिकवलं हा वाद चालू द्या. चर्चनं त्यांना गव्हर्नरच्या हाताबाहेरची जागा दिली, एवढं तरी मान्य करा.

वर्णभेदाविरुद्धच्या निदर्शनांत पकडलेल्या बेनेटच्या कितीतरी मुली 1963 च्या मे महिन्यात तुरुंगात होत्या. प्लेअरबाई रोज भेटायला जात. प्राध्यापकांनी अभ्यास तिथे पोचवला, परीक्षाही तिथेच घेतल्या.

उलटतपासणी:
शार्लटकर, मालकीचा मुद्दा वजनदार आहे, पण पुरता पटत नाही. ए अँड टी सरकारी होतं, तरी तिथले अध्यक्ष वॉर्मथ गिब्स यांनीही मुलांना आवरायला नकार दिला. शेवटी माणूस लागतो. चर्चच्या कॉलेजात भित्रे अध्यक्ष झाले नाहीत का?

शार्लटकर:
झाले. पण गिब्स यांना जे करायला मोठं धाडस लागलं, ते प्लेअरबाईंना करता येईल अशी रचना आधीच होती. धाडस सगळ्यांकडे नसतं, म्हणून तर रचना लागते.

हिशोबनीस:
आजचं बोला. डिसेंबर 2018 मध्ये पैशांच्या कारणावरून बेनेटची मान्यता काढण्याचा निर्णय झाला. व्हर्जिनियातलं एपिस्कोपल चर्चचं सेंट पॉल्स कॉलेज 2013 मध्ये बंदच पडलं. काही शे मुलींसाठी स्वतंत्र आवार, चॅपल, वसतिगृह चालवायचं म्हणजे प्रत्येक मुलीच्या डोक्यावर कर्ज. ए अँड टी एवढं मोठं शेजारी असताना विलीन का होऊ नये? वारसा ग्रंथालयात जपता येतो.

नगरची_लेक:
विलीन झालं तर काय होतं ते वर सांगितलंच आहे. चौघांच्या गोष्टीत मुली आणखी एकदा बुडतील. आणि पैशाचं म्हणाल, तर 2019 च्या फेब्रुवारीपर्यंत पन्नास लाख डॉलर जमवायचे होते, तिथे ऐंशी लाखांच्या वर जमले. माजी विद्यार्थिनींनी दिले, चर्चच्या मंडळ्यांनी दिले, गावातल्या अनोळखी लोकांनी दिले. शेजारच्या हाय पॉइंट विद्यापीठानं दहा लाख दिले. तरीही अपील फेटाळलं गेलं, तेव्हा कॉलेज ख्रिस्ती शिक्षणसंस्थांच्या दुसऱ्या मान्यता-मंडळाकडे गेलं आणि चालू राहिलं.

हिशोबनीस:
एका वर्षाची वर्गणी म्हणजे दर वर्षीचं उत्पन्न नव्हे. मेथडिस्टांचा ब्लॅक कॉलेज फंड अकरा कॉलेजांत वाटला जातो, एकट्या बेनेटला त्यातून कितीसं पुरणार? चर्चला हा वारसा आपला म्हणायचा असेल, तर त्यानं आधी मुलींची फी भरावी.

गोदाकाठ:
यावर मात्र आपलं एकमत आहे. 1873 मध्ये तळघर दिलं, 1958 मध्ये चॅपल होतं, आता फी हवी आहे. शिस्तीबद्दल मी अजूनही माझ्या जागी आहे. नगरच्या ताईंशी हातमोज्यांवरून भांडायला पुन्हा येईन.