जुन्या विद्यापीठांतली प्राध्यापकांची भांडणं: सेमिनारला कुठलं प्रकरण घेऊ?

सायली_इतिहास: एमएला आहे, वीस मिनिटं बोलायचंय. सुरुवातीच्या युरोपियन विद्यापीठांत प्राध्यापकांनी एकमेकांवर केलेले आरोप असा विषय मिळालाय. बोलोन्या, पॅरिस, ऑक्सफर्ड सगळं थोडंथोडं घेऊ की एकच धरू? नुसती सनावळी नकोय, भांडण कशावरून पेटलं ते नीट सांगता यायला हवं.

रानवारा: एकच धर आणि पॅरिस धर. सुरुवात १२२९ पासून कर, मेख तिथेच आहे. गुत्त्यात दारूच्या बिलावरून मारामारी झाली, मग शहराच्या शिपायांनी विद्यार्थी मारले, प्राध्यापकांनी शिकवणं बंद केलं, बरेच जण शहर सोडून गेले आणि नेमकं त्याच वेळी डॉमिनिकन साधूंनी (भिक्षा मागून राहणारा ख्रिस्ती संघ) धर्मशास्त्राचं एक अध्यासन, म्हणजे प्राध्यापकाची जागा, पदरात पाडून घेतलं, पुढच्याच वर्षी दुसरंही. हे बाकीच्यांना वर्षानुवर्षं सलत राहिलं. १२५३ ला शिपायांच्या हातून परत विद्यार्थी मेला, परत संप, आणि साधू काही संपात येईनात, तेव्हा विद्यापीठाने त्यांना सरळ बाहेर काढलं. हा धर्माचा वाद होता असं बरेच जण सांगतात, मला ते अर्धवट वाटतं. आधी अध्यासनं आणि फुटलेला संप, धर्म बुडवल्याचे आरोप मागाहून आले.

मोरपीस: +१. पण विल्यम ऑफ सेंट-अमूर पाहिजेच, साधूंविरुद्धच्या प्राध्यापकांचा पुढारी. १२५६ मधे त्याने लिहिलं की हे भीक मागत फिरणारे उपदेशक म्हणजे शेवटच्या काळातले खोटे प्रेषित! पोप अलेक्झांडर चौथा साधूंच्या बाजूने, त्याच वर्षी लिखाण निषिद्ध ठरलं आणि विल्यमला पुढे देशाबाहेर जावं लागलं. थॉमस अक्वायनस हा डॉमिनिकन धर्मशास्त्रज्ञ मास्टर (म्हणजे प्राध्यापक) झाला तोही ह्याच धुमश्चक्रीत, पण बाकीच्या मास्टरांनी त्याला आपल्यात घ्यायला १२५७ उजाडलं.

सायली_इतिहास: भारी! सर जर्मनीतल्या हॅले विद्यापीठाच्या ख्रिस्तियान वोल्फ ह्या तत्त्वज्ञाचंही नाव घेत होते, तो बसेल का यात?

रानवारा: त्याचं प्रकरण १७२३ चं, फार नंतरचं. सहकाऱ्यांनी नास्तिकपणाचा ठपका ठेवला, तक्रार प्रशियाच्या राजापर्यंत नेली, आणि राजाने ४८ तासांत राज्य सोड नाहीतर फाशी असा हुकूम काढला. तिथेही निकाल विद्यापीठाबाहेरच लागला, एवढ्या एका मुद्द्यापुरता शेवटची दोन मिनिटं घे. बाकी वेळ पॅरिसलाच दे, आणि १२२९ व १२५३ चे दोन्ही संप एकाच स्लाइडवर शेजारीशेजारी ठेव, म्हणजे राग कुठून आला ते वेगळं समजवावं लागणार नाही.